पीएचपीतील ऑपरेटर : बेरजेपासून बरोबरीपर्यंत

महाजालावरील एखाद्या पानावर आपण माहिती भरतो, बटण दाबतो आणि क्षणभरात उत्तर समोर येते. हे उत्तर आपल्या संगणकावर तयार होत नाही. ते दूरच्या सर्व्हरवर तयार होते आणि तेथून सिद्ध झालेले पान आपल्याकडे पाठविले जाते. सर्व्हरवर हे काम करणाऱ्या भाषांमध्ये पीएचपीचा प्रसार फार मोठा आहे. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या वैयक्तिक पानासाठी काही छोटी साधने लिहिली आणि १९९५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. पुढे झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला आणि १९९८ मध्ये तिसरी आवृत्ती आली. आज वर्डप्रेस, मूडल यांसारख्या प्रणाली याच भाषेवर उभ्या आहेत. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, तीही पीएचपीतच लिहिलेली आहे.

रहाटणी, काळेवाडी, पिंपळे सौदागर या पट्ट्यातील तरुणांची या भाषेशी गाठ दोन वाटांनी पडते. एक वाट हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाकडे जाते. तेथे आज्ञावली लिहिणारा एक, तपासणारा दुसरा आणि मंजुरी देणारा तिसरा असतो. दुसरी वाट भोसरी, चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योजकाच्या गाळ्यात जाते. त्याची बिले, गोदामातला साठा, येणे-देणे हे सारे ओळखीच्या एखाद्या मुलाने लिहून दिलेल्या आज्ञावलीवर चालते. पिंपरी-चिंचवडमध्ये १ एप्रिल २०१३ रोजी जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. दर वेळी अशा आज्ञावल्यांतील हिशेबाच्या ओळी कोणीतरी उघडून बदलल्या. मूळ लिहिणारा तोवर बहुधा दुसऱ्या नोकरीत गेलेला असतो. तपासणारा कोणी नसलेल्या या दुसऱ्या वाटेवरच्या वाचकासाठी हा लेख आहे. म्हणून उदाहरणेही बिलाची आणि साठ्याचीच घेतली आहेत.

ऑपरेटर म्हणजे क्रिया सांगणारे चिन्ह. बेरीज, वजाबाकी, तुलना, जोडणी या क्रियांसाठी पीएचपीत ठरावीक चिन्हे आहेत. ही चिन्हे ज्यांवर काम करतात ती किंमत एक तर थेट लिहिलेली असते किंवा चलात, म्हणजे व्हेरिएबलमध्ये, साठविलेली असते. चलाच्या नावाआधी डॉलरचे चिन्ह येते. गंमत अशी की पीएचपीत चलाचे नाव देवनागरीत दिले तरी चालते. त्यामुळे पुढील ओळींतील नावे केवळ समजावणीपुरती नाहीत, ती संगणकावरही चालतील. अंक मात्र येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत छापले आहेत. प्रत्यक्ष आज्ञावलीत ते आंतरराष्ट्रीय पद्धतीनेच लिहावे लागतात. असे का, हे पुढे येईलच.

बेरीज, गुणाकार आणि कंस

एक बरोबर-चिन्ह ( = ) हे पीएचपीत बरोबरी दाखवीत नाही. उजवीकडची किंमत डावीकडच्या चलात ठेवण्याचे काम ते करते. बेरजेला +, वजाबाकीला -, गुणाकाराला *, भागाकाराला /, भागाकारातून उरलेल्या बाकीला % आणि घातासाठी  (पीएचपी ५.६ पासून) अशी चिन्हे आहेत. यांचा अग्रक्रम शाळेतल्या 'कंचेभागुबेव'सारखाच आहे. फरक इतकाच की गुणाकार, भागाकार आणि बाकी यांना एकच मान आहे आणि ती डावीकडून उजवीकडे सोडविली जातात. पुढील ओळ पाहा.

$कर = $मूळ + $वाहतूक * १८ / १००;

लिहिणाऱ्याला माल आणि वाहतूक या दोहोंवर १८ टक्के कर हवा होता. या ओळीत तो फक्त वाहतुकीवर बसतो आणि मालाची अख्खी किंमत करात मिळविली जाते. कंस घातला की हिशेब जागेवर येतो.

$कर = ($मूळ + $वाहतूक) * १८ / १००;

ही चूक निदान लगेच दिसते, कारण कराचा आकडा डोळ्यांत भरण्याइतका फुगतो. खरा त्रास एका पैशाच्या फरकाचा असतो. समजा मालाची किंमत ४,५३७ रुपये ५० पैसे आहे. राज्यांतर्गत विक्रीत १८ टक्क्यांचे दोन भाग होतात : केंद्राचा ९ आणि राज्याचा ९ टक्के. ९ टक्के म्हणजे ४०८.३७५ रुपये. हा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्ण केला की ४०८.३८ होतो आणि दोन्ही भागांची बेरीज ८१६.७६ येते. एकदम १८ टक्के काढले तर मात्र ८१६.७५ येतात. बिलाच्या खालची बेरीज एका ओळीतून आणि कराचा तक्ता दुसऱ्या ओळीतून काढला असेल तर दोहोंत एक पैसा जुळत नाही आणि हिशेबनीस अर्धा दिवस तो शोधत बसतो. यावर उपाय ऑपरेटरात नाही. पूर्णांक कुठे करायचा हे एकदा ठरवून सगळीकडे तेच पाळणे, हाच तो उपाय.

अपूर्णांकांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवितो आणि ०.१ सारखी साधी संख्याही त्यात नेमकी बसत नाही. म्हणून ०.१ + ०.२ ही बेरीज ०.३ च्या बरोबर आहे का असे पीएचपीला विचारले तर उत्तर 'नाही' येते. १९.९९ ला १०० ने गुणून पूर्णांक भाग घेतला तर १९९९ ऐवजी १९९८ हाती लागतात, कारण गुणाकार १९९८.९९९९... असा निघतो. हा दोष पीएचपीचा नाही, बहुतेक सर्व भाषांत असेच घडते. रकमा पैशांत, म्हणजे पूर्णांकांत साठविणे आणि छापतानाच रुपये करणे हा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे.

बाकीचे % हे चिन्ह गोदामात फार उपयोगी पडते. २५० नग बाराच्या खोक्यांत भरायचे असतील तर २५० % १२ याचे उत्तर १०, म्हणजे वीस खोकी भरून दहा नग सुटे. हे चिन्ह दोन्ही संख्यांचा अपूर्णांक भाग आधी टाकून देते आणि मगच बाकी काढते, त्यामुळे मीटर किंवा किलोग्रॅमच्या हिशेबात ते वापरू नये. शिवाय ते गुणाकाराच्याच मानाचे असल्याने ७ * ५ % ३ याचे उत्तर २ येते. आधी बाकी काढली जाईल या समजुतीने चौदाची अपेक्षा करणाऱ्याने कंस वापरावा.

जोडणीचे टिंब

अक्षरमाला, म्हणजे स्ट्रिंग, जोडण्यासाठी पीएचपी टिंब ( . ) वापरते. ही पद्धत पर्ल भाषेकडून आली. जावास्क्रिप्टमध्ये + हेच चिन्ह बेरीजही करते आणि जोडणीही करते. तेथे ५ आणि "५" यांची 'बेरीज' ५५ होते. पीएचपीत तसे होत नाही. + म्हटले की बेरीजच आणि टिंब म्हटले की जोडणीच. समोर कोणत्या प्रकारची किंमत आहे याची फिकीर चिन्ह करीत नाही, ते त्या किमतीलाच आपल्याला हवे ते रूप देते. पीएचपीच्या ऑपरेटरांची किल्ली याच सवयीत आहे. तिचे फायदेही याच सवयीतून येतात आणि जवळजवळ सगळे घोटाळेही.

फायदा असा. पानावरील चौकटीत भरलेली प्रत्येक गोष्ट सर्व्हरकडे अक्षरमाला म्हणूनच येते. तेथे "१२५०" असे आले आणि त्यात १०० मिळवायचे म्हटले तर पीएचपी त्या अक्षरांची संख्या करून १३५० हे उत्तर देते. वेगळे काही सांगावे लागत नाही. "५ नग" अधिक ३ केले तरी उत्तर ८ येते, कारण सुरुवातीचा आकडा उचलून उरलेला भाग सोडून दिला जातो. आठवी आवृत्ती असे करताना इशारा देते, जुन्या आवृत्त्या तर बहुधा गप्पच राहत.

आणि आता घोटाळा. वरच्या परिच्छेदातला "१२५०" आंतरराष्ट्रीय अंकांत आला तरच हे घडते. मोबाइलवर मराठी कळफलक सुरू ठेवून एखाद्याने खरोखरच देवनागरी अंकांत १२५० भरले, तर पीएचपीच्या दृष्टीने ती संख्या नसते. क, ख, ग यांसारखी ती नुसती अक्षरे असतात. पाचव्या आवृत्तीत अशा अक्षरांची किंमत मुकाट्याने शून्य धरली जाई आणि १२५० अधिक १०० याचे उत्तर १०० येई. आठवी आवृत्ती तक्रार नोंदविल्याशिवाय राहत नाही. ती तक्रार पाहणारे कोणी असेल तर ठीक. पोकळ-भरीव तपासतानाही हीच अडचण येते. पीएचपी "0" या अक्षराला 'असत्य' मानते, पण देवनागरी "०" तिला 'सत्य' वाटते, कारण ती एक रिकामी नसलेली अक्षरमाला आहे. मराठीतून माहिती घेणाऱ्या पानावर चौकटीतला मजकूर हाती येताच दहा देवनागरी अंकांच्या जागी आंतरराष्ट्रीय अंक ठेवून घ्यावेत आणि मगच कोणतेही ऑपरेटर त्याला लावावे. मराठी संकेतस्थळे बनविणाऱ्यांनी हे काम पहिल्या दिवशीच करायला हवे. ते बहुतेक ठिकाणी राहून जाते.

टिंब आणि + एकाच ओळीत आले की आवृत्तीचाही विचार करावा लागतो.

$ओळ = "एकूण : " . $मूळ + $कर;

आठव्या आवृत्तीपूर्वी टिंब आणि + यांना एकच मान होता. म्हणून डावीकडून आधी "एकूण : ४५००" अशी जोडणी होई, मग या अक्षरमालेत कर मिळविला जाई. अक्षरमालेची सुरुवात आकड्याने होत नसल्याने तिची किंमत शून्य धरली जाई आणि बिलावर 'एकूण' हा शब्द गायब होऊन फक्त कराची रक्कम छापली जाई. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीत + आणि - यांना टिंबापेक्षा वरचा मान देण्यात आला. आता हीच ओळ अपेक्षेप्रमाणे चालते. तरीही तेथे कंस घालावाच. आज्ञावली कोणत्या सर्व्हरवर जाऊन पडेल याचा नेम नसतो.

दोन रेघा की तीन ?

पीएचपीत बरोबरी तपासणारी चिन्हे दोन आहेत. == हे चिन्ह आवश्यक तर दोन्ही बाजूंना सारखे रूप देऊन मग तुलना करते. === हे चिन्ह रूप आणि किंमत दोन्ही जशीच्या तशी सारखी असतील तरच होकार देते. त्यांची नकारार्थी रूपे अनुक्रमे != आणि !== अशी आहेत.

नवशिक्याची पहिली ठेच मात्र एकाच रेघेची असते. 'थकबाकी शून्य असेल तर' असे लिहिताना == ऐवजी = पडले, तर पीएचपी थकबाकी तपासत नाही, ती शून्य करून टाकते. अनेक अनुभवी मंडळी म्हणून किंमत डावीकडे आणि चल उजवीकडे लिहितात : ० == $थकबाकी. एक रेघ विसरली तर संख्येत किंमत भरता येत नसल्याने आज्ञावली तेथेच थांबते. वाचायला हे विचित्र वाटते, पण काम करते.

== चा खरा धोका सुट्या भागांच्या क्रमांकात आहे. दोन्ही बाजूंच्या अक्षरमाला संख्येसारख्या दिसत असतील तर पीएचपी त्यांची तुलना संख्या म्हणून करते. "००७०" आणि "७०" हे दोन वेगळे भाग तिच्या लेखी एकच. त्याहून वाईट गोष्ट इंग्रजी 'ई' या अक्षराची. शास्त्रीय लेखनपद्धतीत बारा, मग ई, मग तीन याचा अर्थ बारा गुणिले दहाचा तिसरा घात, म्हणजे १२,००० असा होतो. '१२-ई-३' अशा घडणीचा क्रमांक मधल्या रेघांशिवाय साठविला आणि गोदामात १२००० क्रमांकाचा दुसरा भाग असला, तर == त्या दोघांना सारखे ठरविते. मागणी एका बुशची आणि चलन दुसऱ्याच्या नावे, असा प्रकार त्यातून होऊ शकतो. चाकणच्या कारखान्याच्या फाटकावरून गाडी परत आली तर त्या फेरीचे भाडे पुरवठादाराच्या माथी बसते. ही वागणूक आठव्या आवृत्तीतही बदललेली नाही. भाग क्रमांक, ग्राहक क्रमांक, बँक खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक यांना आपण क्रमांक म्हणतो, पण त्यांची कोणी बेरीज करीत नाही. ती नावेच आहेत. त्यांची तुलना === नेच करावी.

याच वागणुकीने सुरक्षिततेलाही भोक पडले होते. संकेतशब्द थेट न साठविता त्याचे 'हॅश' केलेले रूप साठविण्याची रीत आहे. एमडी-५ पद्धतीने काढलेल्या काही हॅशची सुरुवात शून्य आणि ई अशी होते आणि पुढे सगळे अंकच असतात. २४०६१०७०८ या आकड्यांचा हॅश असा आहे. शून्य गुणिले दहाचा कोणताही घात म्हणजे शून्यच. त्यामुळे असे दोन पूर्णपणे वेगळे हॅश == ला सारखे वाटतात आणि चुकीच्या संकेतशब्दाला दार उघडते. आता संकेतशब्दांसाठी पीएचपीत वेगळी फंक्शने आहेत (५.५ पासून) आणि तीच वापरावीत.

जी वागणूक आठव्या आवृत्तीत खरोखर बदलली ती शून्य आणि शब्द यांच्या तुलनेची. पूर्वी ० == "रहाटणी" याचे उत्तर 'होय' येत असे, कारण शब्दाची संख्या करताना शून्य हाती येई. आता उत्तर 'नाही' येते : शब्द संख्येसारखा नसेल तर शून्याचीच अक्षरमाला केली जाते आणि मग तुलना होते. जुन्या आज्ञावलीत एखादी अट या चुकीच्या होकारावर नकळत टेकून उभी असेल तर नव्या सर्व्हरवर ती कोसळते. यादीत एखादी किंमत आहे का हे शोधणारे फंक्शन आणि 'स्विच' ही रचना या दोन्ही ठिकाणी आत == चीच तुलना चालते, हेही विसरू नये. आठव्या आवृत्तीतील 'मॅच' ही रचना मात्र === प्रमाणे वागते.

लहान-मोठे ठरविण्यासाठी <, >, <=, >= ही चिन्हे आहेत. २०१५ च्या सातव्या आवृत्तीत <=> हे चिन्ह आले. त्याच्या आकारावरून त्याला 'स्पेसशिप' म्हणतात. डावी बाजू लहान असेल तर उणे एक, सारखी असेल तर शून्य आणि मोठी असेल तर एक असे उत्तर ते देते. याद्या लावताना ते सोयीचे पडते. इंग्रजी नावांची यादी त्याने चांगली लागते. मराठी नावांचे तसे नाही. पीएचपी अक्षरे नव्हे, त्यांचे बाइट ताडून पाहते आणि युनिकोडमध्ये 'ळ' हे अक्षर 'ल' व 'व' यांच्या दरम्यान ठेवलेले आहे. आपल्या वर्णमालेत ते 'ह'नंतर येते. त्यामुळे ग्राहकांच्या यादीत 'काळे' हे नाव 'कावळे'च्या आधी येऊन बसते. क्रम मराठी वर्णमालेप्रमाणे हवा असेल तर 'इंटल' या विस्तारातील 'कोलेटर' वापरावा लागतो. साध्या ऑपरेटरांनी ते साधत नाही.

'शेतकऱ्यांना' या शब्दातील 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकच स्वतंत्र अक्षर म्हणून किंवा 'र' आणि खालचा नुक्ता अशी जोडी म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. == असो वा ===, दोन्ही त्यांना वेगळे ठरवितात. नावाने शोध घेतल्यावर 'अशी नोंद नाही' असे उत्तर आले आणि नोंद डोळ्यांसमोर दिसत असली, तर संशय प्रथम येथे घ्यावा. माहिती साठवितानाच तिला एकसारखे रूप देणारे 'नॉर्मलायझर' त्याच विस्तारात मिळते. पीएचपीला आतून युनिकोडचे बनविण्याचा प्रयत्न सहाव्या आवृत्तीत झाला होता. २०१० मध्ये तो सोडून देण्यात आला आणि पाचनंतर थेट सातवी आवृत्ती आली. मराठी लिहिणाऱ्यांना त्या सोडलेल्या कामाची उणीव आजही जाणवते.

आणि, किंवा, नाही

दोन अटी एकत्र जोडण्यासाठी && (आणि), || (किंवा) तसेच अट उलटविण्यासाठी ! (नाही) ही चिन्हे आहेत. डाव्या बाजूनेच निकाल लागत असेल तर उजवी बाजू तपासलीच जात नाही. याचा उपयोग असा :

$नग != ० && $एकूण / $नग > १०

नग शून्य असतील तर भागाकारापर्यंत गाडी जात नाही. हे महत्त्वाचे, कारण आठव्या आवृत्तीत शून्याने भागले तर आज्ञावली थांबते. एकच & लिहिला तर तो बिटांवर काम करणारा वेगळा ऑपरेटर आहे आणि तो दोन्ही बाजू तपासतो.

'आणि', 'किंवा' यांसाठी 'अँड', 'ऑर' हे इंग्रजी शब्दही चिन्ह म्हणून चालतात. वाचायला ते सुटसुटीत वाटतात, पण त्यांचा मान = पेक्षाही खालचा आहे. 'पात्र = भरले अँड वैध' असे लिहिले तर 'पात्र' या चलात फक्त 'भरले'ची किंमत जाते, 'वैध' तपासला जातो आणि त्याचे उत्तर वाऱ्यावर सुटते. अर्ज अवैध असूनही पात्र ठरतो. चिन्हेच वापरावीत, हे बरे.

प्रश्नचिन्हाचे तीन अवतार

एका ओळीत निवड करण्यासाठी ? आणि : ही जोडी आहे. अट, मग प्रश्नचिन्ह, मग होकाराची किंमत, मग विसर्गासारखे चिन्ह आणि नकाराची किंमत. एका निवडीपुरते ते छान आहे. एकात एक गुंफले की काय होते हे वीजबिलाच्या टप्प्यांवरून समजेल. महावितरणच्या घरगुती वीजदरात पहिला टप्पा १०० युनिटपर्यंतचा आणि दुसरा ३०० पर्यंतचा असतो. एखाद्या सोसायटीने आपले उपमीटर मोजण्यासाठी अशी ओळ लिहिली :

$टप्पा = $युनिट <= १०० ? "पहिला" : $युनिट <= ३०० ? "दुसरा" : "वरचा";

इतर बहुतेक भाषांत ही ओळ बरोबर चालते. पीएचपीत आठव्या आवृत्तीपूर्वी ती डावीकडून सोडविली जाई. ५० युनिट वापरणाऱ्याबाबत पहिल्या अटीचे उत्तर "पहिला" असे येई. हीच अक्षरमाला दुसऱ्या प्रश्नचिन्हासाठी अट बनत असे आणि रिकामी नसल्याने ती सत्य ठरत असे. निकाल : "दुसरा". २०० युनिटवालाही "दुसरा" आणि ४०० युनिटवाला "वरचा". म्हणजे मोठ्या ग्राहकांचे टप्पे बरोबर निघत आणि भुर्दंड नेमका सर्वांत कमी वीज जाळणाऱ्या घराला बसे. ज्याने दोनशे आणि चारशे युनिट भरून तपासणी केली त्याला ही चूक कधीच सापडली नसती. ७.४ आवृत्तीपासून अशा गुंफणीवर सूचना येऊ लागली आणि ८.० मध्ये कंसाशिवाय ती लिहिण्यास बंदीच झाली.

मधली किंमत गाळून ?: असे लिहिले तर डावी बाजू सत्य असल्यास तीच, नाहीतर उजवी असा अर्थ होतो. सातव्या आवृत्तीत आलेले ?? डावी बाजू अस्तित्वातच नसेल किंवा 'नल' असेल तरच उजवीकडे जाते. दोहोंतील फरक सवलतीत दिसतो. ग्राहकाला द्यायची सवलत ० टक्के अशी मुद्दाम नोंदली आहे आणि काहीच नोंदले नसेल तर १० टक्के द्यायची आहे.

$दर = $सवलत ?: १०;
$दर = $सवलत ?? १०;

पहिली ओळ शून्याला 'असत्य' समजून दहा टक्के सवलत देऊन मोकळी होते. दुसरी शून्याचा मान राखते. ७.४ पासून ??= हे चिन्हही आहे. चल रिकामा असेल तरच त्यात किंमत भरण्याचे काम ते करते.

राहिलेली चिन्हे

++ एकाने वाढविते आणि -- एकाने घटविते. चिन्ह चलानंतर आले तर आधी जुनी किंमत दिली जाते आणि मग वाढ होते, आधी आले तर उलट. वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार बिलांना सलग आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारे क्रमांक द्यावे लागतात. $नवा = $शेवटचा++; असे लिहिले तर नव्या बिलाला शेवटच्याच बिलाचा क्रमांक मिळतो, म्हणून येथे ++$शेवटचा हवे. अर्थात दोन संगणकांवरून एकाच क्षणी बिल निघाले तर दोघेही तोच शेवटचा क्रमांक वाचतील आणि कोणतेही ++ तेथे कामी येणार नाही. क्रमांक देण्याचे काम डेटाबेसवर सोपवावे. ++ इंग्रजी अक्षरांनाही लागते, पण 'क'ला लावले तर 'ख' मिळत नाही.

+ हे चिन्ह दोन याद्यांमध्ये, म्हणजे ॲरेंमध्ये, आले तर ते बेरीज करीत नाही, याद्या एकत्र करते. दोन्हींत एकच कळ असेल तर डावीकडची किंमत टिकते. म्हणून दरपत्रक अद्ययावत करताना $जुने + $नवे असे लिहिले तर जुनेच दर कायम राहतात. $नवे + $जुने असे हवे.

वस्तूच्या, म्हणजे ऑब्जेक्टच्या, आतील गोष्टीकडे जाण्यासाठी -> आहे. वर्गाच्या आतील गोष्टींसाठी :: आहे. दुसऱ्याचे अधिकृत नाव 'पामायिम नेकुदोतायिम' असे हिब्रू आहे आणि त्याचा अर्थ दोनदा दोन टिंबे इतकाच. तिसरी आवृत्ती घडविणारे सुरास्की आणि गुटमन्स हे इस्रायलचे. जगभरच्या प्रोग्रॅमरांनी वर्षानुवर्षे त्रुटीच्या संदेशात हे शब्द वाचले आणि कपाळावर आठ्या पाडल्या.

@ हे चिन्ह एखाद्या ओळीतील इशारे दाबून टाकते. घाईत लिहिलेल्या आज्ञावलीत ते जागोजागी आढळते. आठव्या आवृत्तीपासून गंभीर त्रुटी त्याने दबत नाहीत. उलट्या अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर पीएचपी थेट सर्व्हरच्या संगणकाला आज्ञा म्हणून देते. पानावरून आलेली कोणतीही माहिती त्या चिन्हांच्या आत जाऊ देणे म्हणजे परक्याच्या हाती तिजोरीची किल्ली देणे होय.

जुनी आज्ञावली नव्या सर्व्हरवर नेताना

सातव्या पिढीतील शेवटच्या ७.४ आवृत्तीचा अधिकृत आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. सर्व्हरची जागा भाड्याने देणाऱ्या कंपन्या त्यानंतर आपल्या ग्राहकांना आठव्या पिढीवर हलवू लागल्या. गाळ्यातली जुनी आज्ञावली अशी हलविली जाते तेव्हा ऑपरेटरांपुरत्या तीन जागा आधी पाहाव्यात : कंसाशिवाय गुंफलेली प्रश्नचिन्हे, एकाच ओळीतील टिंब व बेरीज, आणि संख्येची शब्दाशी == ने केलेली तुलना. पहिल्या प्रकारात पान उघडतच नाही आणि पीएचपीला केवळ लेखन तपासायला सांगितले तरी तो दोष सापडतो. उरलेले दोन अशा तपासणीत सापडत नाहीत. पान उघडते, बिलही छापले जाते, फक्त त्यावरचा आकडा कालच्यापेक्षा वेगळा असू शकतो. त्यासाठी मागील महिन्याची सगळी बिले जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्यांवर पुन्हा काढून शेजारी शेजारी ठेवावी लागतात.